कापसाचे २६ आणि ५२ : देशी व अमेरिकन कापसाच्या सोयरिकीचा इतिहास



बियाण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, एक औषध आहे म्हणतात. रोपाच्या शेंड्याला लावलं की झाडाच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात. मग बोंडही दुप्पट मोठं होईल का? आणि हे घरच्या घरी करता येईल का?"

असे औषध आहे हे खरे. त्याने गुणसूत्रे दुप्पट होतात हेही खरे. पण त्याने बोंड दुप्पट होत नाही, आणि ते घरी हाताळण्याजोगे तर मुळीच नाही. एवढे सांगून हे पत्रक संपवता आले असते. परंतु या औषधाच्या मागे आपल्या कापसाचा फार मोठा इतिहास आहे. तो समजला, तर दुकानात बियाण्याची पिशवी हातात घेताना आपण काय विकत घेतो आणि घरातले काय घालवतो, याचा हिशेब आपला आपल्यालाच करता येईल. म्हणून या वेळी औषध-फवारणीचा सल्ला बाजूला ठेवून कापसाची ही हकीकत सांगतो.

१. तेरचे कापड

आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याही आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हेच गाव 'तगर' या नावाने परदेशात माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे, आणि तेथून साधे कापड, मलमल व इतर माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जातो, असे त्यात म्हटले आहे.

आता विचार करा. त्या काळी अमेरिकेचा पत्ता आपल्याकडे कोणालाच नव्हता. मग ही मलमल कोणत्या कापसाची? अर्थात आपल्या देशी कापसाची. लहान बोंडाचा, पाऊस ताणला तरी तग धरणारा, काळ्या रानात वाढणारा तो कापूस. शास्त्रज्ञ देशी कापसाच्या दोन जाती मानतात. मराठवाडा-विदर्भाकडे आर्बोरियम, आणि गुजरात-कर्नाटकाकडे मुख्यतः हर्बेशियम. आपल्याकडचा जुना 'गावरानी' कापूस आर्बोरियमपैकीच.

म्हणजे देशी कापूस हा गरिबाचा, भरड कापूस, असा जो समज आज आहे तो पुरता खरा नाही. हातचरख्यावर कसबी सूतकताईने याच कापसातून तलम धागा निघत होता. अडचण आली ती यंत्राबरोबर.

२. परदेशी पाहुणा

इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या निघाल्या. त्या यंत्रांना लांब धागा हवा होता, आणि तो अमेरिकेच्या कापसात होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकेतून कापसाचे जाणकार बागायतदार हिंदुस्थानात आणले आणि निरनिराळ्या भागांत अमेरिकन कापूस लावून पाहिला. बहुतेक ठिकाणी तो फसला. आपला पाऊस, आपल्या किडी आणि आपली जमीन त्याला मानवली नाही. धारवाडच्या बाजूला मात्र त्याने मूळ धरले. पुढे तो 'धारवाड-अमेरिकन' म्हणून ओळखला जाऊ लागला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. पण कापूस हे पैशाचे पीक आहे, ही गोष्ट गावोगाव पोचली. १८७० च्या दशकात सोलापुरात कापड गिरणी उभी राहिली. बार्शीला व्यापार वाढला. १९११ साली बार्शी लाईट रेल्वे येडशी, ढोकीवरून लातूरपर्यंत गेली, आणि आपल्या भागातला माल रेल्वेने जाऊ लागला.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या परभणी येथील प्रक्षेत्रावर देशी कापसावर काम सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मिसळीच्या पिकातून एकेक चांगले झाड निवडायचे, त्याची सरकी वेगळी पेरायची, पुन्हा निवडायचे, या पद्धतीने 'गावरानी ६' व त्यानंतर 'गावरानी १२' असे वाण तयार झाले. यात औषध नाही, जादू नाही. डोळा, वही आणि वर्षानुवर्षांची चिकाटी, एवढेच भांडवल.

३. सोयरीक का जमेना?

इकडे देशी काटक, तिकडे अमेरिकन लांब धाग्याचा. मग कोणाच्याही मनात येईल की दोघांची सोयरीक लावावी. काटकपणा एकाचा, धागा दुसऱ्याचा. संशोधकांनीही हेच करून पाहिले. पण फुलाला पराग देऊनही बहुतेक वेळा बोंड गळायचे. क्वचित एखादे बी तयार झालेच, तर त्याचे झाड हिरवेगार वाढायचे, फुलायचे, पण सरकी धरायचे नाही. वांझ.

कारण कळायला १९२० चे दशक उजाडावे लागले. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाच्या पेशी तपासल्या तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक पेशीत अगदी बारीक दोऱ्यासारखे घटक असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. झाडाची उंची, पानाचा आकार, धाग्याची लांबी, रोगाला तोंड देण्याची ताकद, हे सारे त्यांवर लिहिलेले असते असे समजा. देशी कापसाच्या पेशीत ही गुणसूत्रे २६ निघाली. अमेरिकन कापसात ५२. बरोबर दुप्पट.

गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. पराग आणि स्त्रीबीज तयार होताना प्रत्येक जोडीतले एकेक गुणसूत्र वेगळे होते. म्हणून देशीच्या परागात १३ येतात आणि अमेरिकनच्या परागात २६. दोघांचा संकर झाला की १३ अधिक २६ म्हणजे ३९. आता या ३९ च्या जोड्या लावा बरं. १३ बिनजोडीचे उरतात. अशा झाडात पराग नीट तयार होत नाही, आणि म्हणून सरकी धरत नाही. घोडी आणि गाढव यांपासून झालेले खेचर कामाला दणकट असते, पण त्याला पिलू होत नाही. तसाच हा प्रकार.

गुणसूत्रांचे असे संच दोनाचे चार किंवा सहा झाले की त्याला 'बहुगुणितता' म्हणतात. देशी कापूस द्विगुणित, अमेरिकन चतुर्गुणित. शब्द अवघड वाटला तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. खपली आणि बन्सी गव्हात गुणसूत्रे २८, तर नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२. भुईमुगात ४०. आपल्या बागेतली केळी तिहेरी संचाची, ३३ गुणसूत्रांची. म्हणून तर केळीत बी धरत नाही, नुसते बारीक काळे ठिपके दिसतात, आणि आपण मुनवे लावतो.

४. धोतरा, कळलावी आणि ते औषध

वांझ झाडाला फळते करायचे तर त्याच्या ३९ गुणसूत्रांची दुप्पट करायला हवी. ७८ झाली की प्रत्येकाला जोडीदार मिळेल. पण दुप्पट करायची कशी? काही संशोधक झाडाला उष्णता देऊन पाहत होते, काही फांद्या छाटून नव्या फुटव्यांची वाट पाहत होते. दहा वेळा करावे तेव्हा एखादे वेळी साधायचे.

१९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी या दोघांनी खात्रीचा मार्ग दाखवला. त्यांचे प्रयोगाचे झाड कोणते होते माहीत आहे? आपल्या उकिरड्यावर उगवतो त्या धोतऱ्याचा भाऊबंद. धोतऱ्यात गुणसूत्रे २४. कॉल्चिसिन नावाच्या द्रव्याने ती ४८ करता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. युरोपात एका कंदवर्गी फुलझाडापासून हे द्रव्य काढत. सांध्यांच्या वातरक्त या दुखण्यावर ते फार पूर्वीपासून औषध म्हणून माहीत होते.

ते काम कसे करते ते पाहू. पेशी वाढताना आधी गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार होते. मग बारीक तंतू त्या प्रती दोन बाजूंना ओढून नेतात आणि एका पेशीच्या दोन होतात. कॉल्चिसिन हे ओढणारे तंतूच बनू देत नाही. प्रती तर झाल्या, पण वाटणी झाली नाही. सारी गुणसूत्रे एकाच पेशीत राहिली. भावाभावांत वाटणी व्हायची ती अडली आणि सगळी जमीन एकाच सातबाऱ्यावर राहिली, असे समजा.

हेच द्रव्य आपल्या बांधावरही आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी आपण सर्वांनी पाहिली आहे. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात. तिच्या कंदात आणि बियांत कॉल्चिसिन असते, आणि म्हणूनच ती जहरी आहे. कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. जनावरालाही ती घातकच.

म्हणून येथे स्पष्ट सांगतो. कॉल्चिसिन झाडाच्या पेशींचे विभाजन थांबवते तसे माणसाच्या पेशींचेही थांबवते. त्याची मात्रा थोडी जरी चुकली तरी जीव धोक्यात येतो, आणि त्यावर सहज मिळणारा खात्रीचा उतारा नाही. प्रयोगशाळेत हातमोजे घालून, मोजूनमापून, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली ते वापरतात. कळलावीचा कंद ठेचून रोपाला लावावा असे कोणी सुचवले, तर त्याच्या नादी लागू नका. बांधावर कळलावी असेल तर मुलांना ओळखायला शिकवा आणि हात लावू देऊ नका.

५. निसर्गाने आधीच केलेली दुप्पट

आता हकीकतीतला सर्वांत मोठा भाग ऐका. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे आली कोठून?

१९४० साली बीझली आणि हार्लंड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे एकच प्रयोग केला. एका बाजूला आशियातला आर्बोरियम, म्हणजे आपल्या गावरानीचा सख्खा गोत्रज. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतला एक रानकापूस, ज्याला कातण्याजोगा धागाच नसतो. दोघांतही २६ गुणसूत्रे. त्यांचा संकर वांझ निघाला. मग त्याची गुणसूत्रे दुप्पट केली. झाली ५२. आणि हे नवे झाड अमेरिकन कापसाशी जुळले, त्याला सरकी धरली!

याचा अर्थ असा, की अमेरिकन कापूस हा मुळात दोन घराण्यांच्या संकरातून झालेला आहे. त्यातला एक पूर्वज आपल्या देशी कापसाच्या कुळातला, दुसरा अमेरिकेच्या रानातला. आजच्या शास्त्राच्या अंदाजाने ही गोष्ट सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी घडली, माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी. जुन्या जगातल्या कापसाचे बी समुद्र ओलांडून तिकडे पोचले, तेथील रानकापसाशी त्याचा संकर झाला आणि निसर्गानेच त्या संकराची गुणसूत्रे दुप्पट केली.

ज्याला आपण परका समजतो, त्याच्या निम्म्या रक्तात आपल्याच कुळाचा वाटा आहे. आणि ज्याला धागा नाही त्या रानकापसाचीही या कामी गरज पडली. शेतीत कोणते वाण कधी उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही ते असे.

६. दुप्पट म्हणजे दुप्पट उत्पन्न नव्हे

१९३७ नंतर जगभर उत्साहाची लाट आली. दिसेल त्या पिकाची गुणसूत्रे दुप्पट करून पाहण्यात आली. पाने जाड झाली, फुले मोठी झाली, परागकण मोठे झाले. पण पुष्कळ पिकांत वाढ मंदावली, पीक उशिरा तयार झाले आणि मुख्य म्हणजे दाणे कमी भरले. एकाच जातीचे चार संच एकत्र आल्यावर जोड्या लावताना गोंधळ होतो, म्हणून बी कमी धरते. ज्या पिकाचे दाणे किंवा सरकी हेच उत्पन्न, त्याला हा सौदा परवडत नाही.

फायदा कोठे झाला? जेथे आपल्याला बी नको असते तेथे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बरसीम या चाऱ्याच्या पिकाचा 'पुसा जायंट' हा चतुर्गुणित वाण काढला. तेथे पाला हेच उत्पन्न. जपानमध्ये किहारा यांनी बिनबियांचे कलिंगड तयार केले. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रे. ती दुप्पट करून ४४ ची मादी बनवायची, तिला २२ च्या नराचा पराग द्यायचा, की ३३ गुणसूत्रांचे बी मिळते. त्या बियाच्या वेलाला फळ लागते, पण फळात बी भरत नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का मधुरा' हा वाण याच तत्त्वावर आहे.

ज्यांना असे कलिंगड लावायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. याचे बी दर हंगामात नव्याने संकर करून तयार करावे लागते, म्हणून ते महाग असते. त्याची उगवण नाजूक असते. आणि शेतात जोडीला साध्या कलिंगडाचे वेल लावले नाहीत, तर परागाअभावी फळधारणाच होत नाही.

७. सुरत, धारवाड आणि नांदेड

१९४७ साली फाळणी झाली. लांब धाग्याचा कापूस पिकवणारा मोठा बागायती मुलूख पाकिस्तानात गेला आणि गिरण्या बहुतांशी इकडे राहिल्या. लांब धागा देशातच पिकवणे भाग पडले.

सुरतच्या संशोधन केंद्रात अमेरिकन आणि देशी कापसाचा संकर करून, त्याच्या संततीची पुन्हा अमेरिकन कापसाशी जोड घालत 'देवीराज' व 'देवीतेज' हे वाण निघाले. २६ आणि ५२ मधली दरी ओलांडता येते, हे आपल्याच देशात शेतावर दिसले. पण एकेका वाणामागे कित्येक वर्षे गेली.

पुढची उडी मात्र वेगळ्या वाटेने आली. सुरतेतच डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'संकर ४' हा वाण दिला. व्यापारी प्रमाणावर लागवडीस आलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. त्याची आई 'गुजरात ६७' आणि बाप 'अमेरिकन नेक्टरीलेस', दोघेही ५२ चे. १९७२ साली धारवाडला बी. एच. कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' दिला. त्याची आई 'लक्ष्मी'. या लक्ष्मीच्या कुळात गदगच्या बाजूने तोच जुना धारवाड-अमेरिकन कापूस होता, जो १८४० च्या दशकात तेथे रुजला. बाप होता बार्बाडेन्स या अतिलांब धाग्याच्या जातीचा. जाती वेगळ्या, पण गुणसूत्रे दोघांची ५२. म्हणून सोयरीक जमली आणि झाडाला बोंडे भरून लागली.

येथे एक गोष्ट मुद्दाम पाहा. या दोन्ही वाणांना कॉल्चिसिन लागले नाही. लागली ती माणसाची बोटे. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी निवडायची, नखाने तिच्यातले पुंकेसर अलगद काढायचे, वर कागदी पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग लावायचा. एकेका कळीला हे करायचे. हे काम बहुतांशी बायामाणसांनी केले. संकरित बियाण्याची पिशवी महाग का, याचे एक कारण ही मजुरी आहे. आपल्या मराठवाड्यातले जालना हे या बियाणे व्यवसायाचे मोठे ठिकाण झाले.

१८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेच आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. त्याच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात 'एनएचएच ४४' हा संकरित वाण दिला. कोरडवाहू रानात तो मराठवाड्याच्या पसंतीला उतरला आणि पुष्कळ वर्षे टिकला.

८. देशीचे काय झाले?

स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाच्या रानात फार मोठा हिस्सा देशीचा होता. संकरित वाण आले तसा तो घटत गेला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि बीटीचे जवळजवळ सगळे बियाणे ५२ गुणसूत्रांच्या अमेरिकन संकरांतच आले. मग देशी कापूस बहुतेक गावांतून दिसेनासा झाला. दर वर्षी नवी पिशवी घ्यायची सवय लागली, आणि कणगीतली सरकी संपली.

संकरित वाण वाईट, असे येथे म्हणायचे नाही. ओलिताखाली, खत आणि निगा असेल तर त्यांचे उत्पन्न देशीपेक्षा जास्त येते, धागा लांब असतो, भाव बरा मिळतो. परंतु २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यात काय केले ते आपण पाहिले आहे. बीटीला ती अळी सरावली होती, आणि लांब मुदतीच्या संकरांवर तिला हिवाळाभर खायला मिळत होते. मावा, तुडतुडे यांसाठी फवारण्यांचा खर्च वेगळाच.

देशी कापूस रस शोषणाऱ्या किडींना अधिक चांगला तोंड देतो. पाण्याचा ताण जास्त सोसतो. उत्तरेत ज्या पर्णगुच्छ विषाणूने अमेरिकन कापसाचे अतोनात नुकसान केले, तो देशीला होत नाही. पण बोंडअळी देशीलाही लागते, हे विसरू नका. त्याचे बोंड लहान असते आणि फुटलेला कापूस वेचणीला उशीर झाला तर गळून मातीत पडतो. धागा आखूड म्हणून भाव कमी, हीच त्याची मोठी अडचण होती. ती दूर करण्यासाठी परभणीच्या संशोधकांनी 'परभणी तुराब' म्हणजे पीए २५५, आणि 'विनायक' म्हणजे पीए ४०२ असे लांब धाग्याचे देशी वाण तयार केले आहेत.

या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट हाताशी लागते. गुणसूत्रांची दुप्पट ही दोन वाणांमधला पूल आहे. पूल बांधता येतो, पण दोन्ही काठांना गावे असली तरच त्याचा उपयोग. काटकपणा देशीच्या सरकीत आहे. ती सरकी संपली, तर कोणतेही औषध तो गुण नव्याने निर्माण करू शकत नाही. औषध असलेल्या गुणसूत्रांची दुप्पट करते, नसलेली आणत नाही.

९. आपण काय करावे?

(१) संकरित कापसाची सरकी पुढच्या वर्षी पेरू नका. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, झाडे एकसारखी राहत नाहीत आणि उत्पन्न घटते.

(२) देशी सरळ वाणाचे बियाणे मात्र घरी राखता येते. हलक्या, कोरडवाहू रानात अर्धा-एक एकर देशी वाण लावून आपल्या जमिनीत खर्च-उत्पन्नाचा हिशेब स्वतः मांडून पाहा. एकदम सगळे रान बदलू नका.

(३) देशी आणि अमेरिकन शेजारी असले तरी ३९ च्या हिशेबामुळे त्यांच्यात सहसा मिसळ होत नाही. पण दोन देशी वाण जवळ असतील तर मधमाश्या पराग नेतात. म्हणून बियाण्यासाठी एकाच वाणाचा तुकडा, इतर देशी कापसापासून दूर ठेवावा.

(४) बियाण्यासाठी बांधाकडची झाडे सोडून आतली, निरोगी, वाणाच्या लक्षणांची झाडे हेरून त्यांना चिंधी बांधावी. त्यांचा कापूस वेगळा वेचावा. भिजलेली, किडकी, अर्धवट फुटलेली बोंडे घेऊ नयेत.

(५) जिनिंगमध्ये सरकीची मिसळ होते. बियाण्यापुरती सरकी वेगळी, शक्यतो हाताने काढून घ्यावी. उन्हात वाळवून, वाणाचे नाव व वर्ष लिहून कोरड्या जागी ठेवावी.

(६) पेरणीआधी १०० बिया ओल्या गोणपाटात घालून उगवण पाहावी. ६५ हून कमी उगवल्या तर ते बियाणे वापरू नये.

(७) देशी कापूस फुटला की वेचणी लांबवू नये, आणि तो अमेरिकन कापसात मिसळून विकू नये. मिसळलेल्या मालाला दोन्हीकडून भाव कमी मिळतो. लावणीआधीच खरेदीदाराशी बोलून ठेवावे.

(८) 'गुणसूत्र दुप्पट करणारे', 'बोंड दुप्पट करणारे' म्हणून कोणी बाटली विकत असेल तर घेऊ नये. वाणाची माहिती परभणीचे विद्यापीठ, नांदेडचे कापूस संशोधन केंद्र किंवा तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र येथे विचारावी.

मंडळी, आज आपल्या जिल्ह्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचे राज्य आहे. कापूस थोड्या शिवारांत उरला आहे. तरीही कोणाच्या घरी जुन्या गावरान कापसाची मूठभर सरकी उतरंडीत राहिली असेल, देवाच्या वातीपुरती परसात दोन झाडे असतील, तर ती मोडू नका. तिचे नाव, कोणत्या रानात होती, किती वर्षे घरात आहे, हे लिहून ठेवा आणि कृषी विज्ञान केंद्राला कळवा. तेरच्या मलमलीचा कापूस याच कुळातला होता. ते बी आपल्या हातात आहे तोवरच त्याच्यावर पुढचे काम होऊ शकेल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी